झेल काय, कुणीही घेतो!

"झेल काय हो सर, झेल कुणीही घेतो. रन सांगा, विकेट सांगा."

हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यात एका निवड चाचणीच्या वेळी ऐकलं. कुठल्या मैदानावर आणि कुणाच्या तोंडून ते सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरा असता तरी हेच म्हणाला असता. माझ्या हातात आमच्या उर्दू शाळेतल्या नववीच्या एका मुलाचा फॉर्म होता. फॉर्मवर रकाने दोनच, धावा आणि बळी. पोराच्या नावापुढे धावा जेमतेम, बळी शून्य. म्हणून मी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सहा सामन्यांत अकरा झेल'. साहेबांनी ते वाचलं, हसले, वरचं वाक्य म्हणाले आणि फॉर्म खालच्या गठ्ठ्यात सरकवला.

मी गप्प बसलो. बी.एड.ला मूल्यमापनाचा अख्खा पेपर दिलेला माणूस मी, वर्गात एकेका अर्ध्या गुणासाठी पोरांशी वाद घालतो, आणि तिथे मान हलवून परत आलो. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहे. उशीर झाला आहे, मान्य.

लिहायला निमित्त मात्र भलतंच मिळालं. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला आहे. त्यानं एक व्हिडिओ पाठवला. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये सर्वांत थोर 'वाइड रिसीव्हर' कोण, यावर चार जण तावातावानं भांडत होते. आधी तो खेळच कळेना. फुटबॉल म्हणतात आणि चेंडू हातात घेऊन पळतात! मग त्यानंच फोनवर समजावलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. मध्ये उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, आणि मैदानाच्या कडेनं सुसाट पळत गेलेला वाइड रिसीव्हर तो अंगावर येणाऱ्या पैलवानांच्या गर्दीतून वरच्या वर झेलतो. चेंडू जमिनीला लागला की प्रयत्न वाया. म्हणजे ज्याचं मुख्य काम झेल घेणं, असा खेळाडू. झेलायला खास माणूस ठेवलेला खेळ जगात आहे, हे ऐकूनच मला बरं वाटलं.

त्या भांडणात एक नाव सगळ्यांच्या यादीत होतं, जेरी राइस. कुणी रँडी मॉसला वर ठेवत होता, कारण त्यानं २००७च्या एका हंगामात २३ टचडाउन झेलले. कुणी जुन्या डॉन हटसनचं नाव काढत होता. त्याचे ९९ टचडाउन १९४५ साली पूर्ण झाले आणि तो विक्रम मोडायला १९८९ उजाडलं. पण राइसचे आकडे आले की सगळे आवाज खाली. वीस हंगाम, १५४९ झेल, २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेरल्ड १४३२ झेलांवर थांबला.

मला आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. राइस मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यातला. बाप गवंडी. सुट्टीत पोरं बापाच्या हाताखाली कामाला जायची. भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी परांचीवर उभा राहून त्या झेलायचा. हात तिथे तयार झाले, असं त्यानं स्वतः सांगितलेलं आहे.

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो फॉर्म आला. कारण आमच्या त्या पोराचाही बाप गवंडी. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरगा बांधकामावर असतो. खालचा माणूस दोन-दोन विटा जोडीनं वर भिरकावतो, वरचा त्या न बघितल्यासारख्या झेलतो आणि बाजूला रचतो. हे दृश्य बीड, माजलगाव, गेवराईत कुठेही उभं राहिलात तर दिसेल. आपण रोज बघतो, आणि त्याला कौशल्य म्हणतात हे आपल्या डोक्यात येत नाही. वीट चुकली तर पायावर पडते, साहेब. ते कुणीही करत नाही.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत निदान मोजतात तरी. कितीदा चेंडू तुझ्याकडे फेकला, किती झेलले, किती सोडले, प्रत्येकाची नोंद. म्हणून गवंड्याचा पोरगा वीस वर्षांनी आकडे पुढे ठेवून म्हणू शकतो, बोला. तिथेही न्याय पुरता नाही. असोसिएटेड प्रेसचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान आजवर एकाही वाइड रिसीव्हरला मिळालेला नाही. खुद्द राइसलाही नाही. तो बहुतेक वेळा फेकणाऱ्याला मिळतो, नाहीतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला. पण निदान वहीत रकाना आहे.

आपल्याकडे क्रिकेटचं काय? धावफलकावर बघा. 'झे. सोलकर गो. चंद्रशेखर.' झेलणाऱ्याचं नाव आधी येतं, गोलंदाजाचं नंतर. बळी मात्र जमा होतो दुसऱ्या नावाच्या खात्यात. आणि झेल बदली खेळाडूनं घेतला तर नावही जातं, नुसतं 'झे. बदली'. ओव्हलवर १९७१ साली डॉलिव्हिएराचा झेल असाच हैदराबादच्या जयंतीलालनं घेतला होता. किती जणांना माहीत आहे? आयसीसीच्या क्रमवारीत फलंदाज आहेत, गोलंदाज आहेत, अष्टपैलू आहेत. झेलणारा नाही.

इथे भाषेच्या मास्तराला थोडं विषयांतर करू द्या. उर्दू माध्यमाची पोरं पाचवी-सहावीत मराठीच्या तासाला 'झेल' हा शब्द पहिल्यांदा वाचतात तेव्हा हमखास हसतात. घरातल्या आमच्या दखनीत 'झेलना' म्हणजे सोसणं. 'बहुत झेले हम' हे दादी म्हणते ते काही क्रिकेटबद्दल नसतं. तिथे क्रिकेटसाठी 'कॅच' आहे, सोसण्यासाठी झेलना. मराठीनं मात्र एकाच क्रियापदात दोन्ही ठेवलं. चेंडूही झेलायचा आणि घावही झेलायचा. पोरांना मी हे सांगतो तेव्हा एक नाव सांगतो, ज्याला हे दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

एकनाथ सोलकर. मुंबईत मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर जिमखान्यांची रांग आहे. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. क्रिकेट धर्मांत वाटून खेळायच्या काळातली ही रांग. त्यातल्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा हा मुलगा, मैदानाच्या कडेच्या खोपटात वाढलेला. सभासदांची पोरं नेटमध्ये फलंदाजी करणार, माळ्याचा पोरगा चेंडू अडवून परत देणार. अडवता अडवता त्याचे हात झाले. पुढे तो शालेय भारतीय संघाचा कप्तान झाला, ज्या संघात सुनील गावस्कर होते. (पालवणकर बाळूही असेच मैदानावर रोलर फिरवता फिरवता गोलंदाज झाले होते, आणि पुण्यात त्यांना चहा मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. मैदान राखणाऱ्यांच्या घरातून या राज्याला किती क्रिकेट मिळालं याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.)

सोलकर उभे राहायचे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर. हेल्मेट तेव्हा क्रिकेटमध्ये आलंच नव्हतं. त्या जागेचा अर्थ ज्यांना कळत नाही त्यांनी रमण लांबा आठवावा. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात लांबा हेल्मेट न घालता तिथेच उभे होते. जोरात मारलेला चेंडू कपाळावर आदळून उडाला, यष्टीरक्षकानं तो झेलला, फलंदाज बाद झाला. तीन दिवसांनी लांबा गेले. त्या धावफलकावर झेल यष्टीरक्षकाचा आहे.

अशा जागेवर उभं राहून सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. आता हे आकडे शेजारी ठेवा. राहुल द्रविड, १६४ कसोटींत २१० झेल. हा जागतिक विक्रम २०२५ साली जो रूटनं मोडेपर्यंत टिकला. बॉबी सिम्पसन, ज्याला स्लिपमधला बादशहा म्हणत, ६२ कसोटींत ११०. द्रविडची सरासरी कसोटीमागे सव्वाच्या आसपास, सिम्पसनची पावणेदोन, सोलकरांची दोनला जेमतेम कमी. यष्टीरक्षक सोडून, वीस-पंचवीस कसोटी खेळलेल्यांत या वेगानं झेल घेणारा दुसरा नाही. हा विक्रम एका माळ्याच्या मुलाच्या नावावर आहे, आणि तुमच्या 'सार्वकालिक महान भारतीय संघा'त त्याला जागा नाही. आमच्या स्टाफरूममध्येही परवा अशी अकरा जणांची यादी झाली. मी सोलकर म्हणालो, तर एक सहकारी म्हणाले, "बारावा घ्या." म्हणजे पाणी द्यायला.

ओव्हल, २३ ऑगस्ट १९७१. चंद्रशेखर, ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड सर्वबाद १०१. हे तर पाठ्यपुस्तकातल्या सनावळीसारखं सगळ्यांना पाठ. पण फ्लेचरचा झेल पहिल्याच चेंडूवर कुणी घेतला? सोलकर. आणि ॲलन नॉट, ज्यानं पहिल्या डावात ९० करून आपल्याला रडवलं होतं, तो एका धावेवर कसा गेला? वेंकटराघवनचा चेंडू बॅटला लागून समोर अगदी खाली पडत होता, आणि सोलकर पुढे झेपावून जमिनीला समांतर आडवे झाले. तो फोटो जुन्या लोकांच्या लक्षात आहे. फोटो निघाला नसता तर तो झेलही चंद्रशेखरच्या त्या दिवसात विरघळून गेला असता.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की बाबा, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट अशी चौकडी टाकत होती, सोलकरांच्या हातात झेल आपसूक येत होते. आपसूक! या चौघांचे मिळून कसोटीत ८५३ बळी. ही बेरीज शाळकरी पोरांना येते. पण हे गोलंदाज बळी घेत कसे? फलंदाज पॅड पुढे टाकून खेळायचा, तेव्हाचे पंच पुढे टाकलेल्या पायावर पायचीत द्यायचे नाहीत, आणि आजच्यासारखं तिसऱ्या पंचाकडे दाद मागणं नव्हतं. मग उरला एकच मार्ग, बॅटला किंचित लागून पॅडवरून उडालेला चेंडू. तो हवेत किती वेळ असतो? डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा. तिथे हात नसेल तर तो चेंडू म्हणजे नुसता 'अरेरे!' बेदींनी स्वतः कबूल केलेलं आहे की सोलकर नसते तर आम्ही एवढे परिणामकारक ठरलो नसतो. गोलंदाज कबूल करतो, आणि यादी करणारे कबूल करत नाहीत.

सोलकरांना 'गरिबांचा सोबर्स' म्हणायचे. डावखुरी फलंदाजी, मध्यमगती आणि फिरकी दोन्ही, वर झेल. कौतुकानं म्हणायचे म्हणे. मला ते कौतुक कधी पचलं नाही. 'गरिबांचा' म्हणजे स्वस्तातला, खरा परवडत नाही म्हणून घेतलेला. शॉर्ट लेगला उभे असलेले सोलकर कुणाची स्वस्त आवृत्ती नव्हते. तिथे गॅरी सोबर्सनाच श्रीमंतांचे सोलकर म्हणायला हरकत नव्हती.

दुसरा युक्तिवाद, "आता काळ बदललाय सर." २०२३च्या विश्वचषकात आपल्या संघात प्रत्येक सामन्यानंतर उत्तम क्षेत्ररक्षकाला पदक द्यायचे, ते व्हिडिओ मीही पाहिलेत, पोरांना दाखवलेत. छान वाटलं. पण ते पदक ड्रेसिंग रूममधलं, घरातल्या घरात दिलेलं. २९ जून २०२४ आठवा. ब्रिजटाउन, शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला १६ हव्यात, हार्दिकचा पहिला चेंडू, मिलरनं उचलला, आणि सीमारेषेवर सूर्यकुमार यादवनं तो झेलला, रेषेबाहेर जाण्याआधी हवेत टाकला, आत येऊन परत झेलला. तो चेंडू षटकार गेला असता तर? सात धावांनी जिंकलो आपण. बळी हार्दिकच्या खात्यात. सामनावीर विराट कोहली, ७६ धावांसाठी. कोहली नको होता असं मी म्हणत नाही. रकाना कुठला भरला गेला ते बघा, एवढंच म्हणतो. विधानभवनात सत्कार झाला तेव्हा सूर्यकुमार मराठीत म्हणाला की झेल हातात बसला, आणि सगळे हसले. बसला खरा. बसायला हात तिथे लागतो.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याशी. हा लेख लिहितोय असं कळल्यावर एका मित्रानं विचारलं, "सोलकरांवर लिहितोस, आबिद अलींवर का नाही?" प्रश्न बरोबर आहे, पण विचारणाऱ्याचा हेतू मला ठाऊक आहे. ठीक आहे, लिहितो. सय्यद आबिद अली, हैदराबादचे. १९६७ साली ॲडलेडला पहिल्याच कसोटीत ५५ धावांत ६ बळी. ओव्हलचा विजयी चौकार त्यांच्याच बॅटचा. आणि चेंडू बॅटला लागायच्या अंतरावर झेलणाऱ्या त्या काळच्या टोळीतला एक हात त्यांचाही. ते १२ मार्च २०२५ रोजी अमेरिकेत वारले. रमजानचे दिवस होते. त्या संध्याकाळी इफ्तारला बसलेल्या दहा-बारा जणांना मी बातमी सांगितली. वयस्कर दोघांनी "इन्ना लिल्लाहि" म्हटलं, बाकीच्यांनी विचारलं, कोण? झहीर खान सगळ्यांना माहीत. श्रीरामपूरचा, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, ३११ कसोटी बळी. अझहर माहीत. पण झेलणारा आपला असला तरी आपल्यालाच माहीत नाही. म्हणजे हा आजार काही एकाच बाजूचा नाही. नावं मोजण्याच्या नादात आपणही तेच दोन रकाने वापरतो. आणि मित्रा, आबिद अलींचा अभिमान सोलकरांना वगळून धरायचा असेल तर तो धावफलक फाडावा लागेल, कारण त्यावर दोघे एकत्र छापलेले आहेत.

तिसरा युक्तिवाद सर्वांत साळसूद. "क्षेत्ररक्षण तर सगळ्या अकरा जणांचं कर्तव्य आहे, त्याचं वेगळं काय मोजायचं?" हे मला ओळखीचं वाटतं. घरातलं काम आईचं कर्तव्य, त्याचं काय मोजायचं. बॅट ज्याची त्याची बॅटिंग पहिली, हा गल्लीतला कायदा तुम्हीही पाळलाय, मीही. ज्याच्याकडे बॅट नाही तो उन्हात उभा राहतो आणि झेलतो. आमच्या शाळेत स्वतःची बॅट असलेली पोरं मोजून चार. उरलेली जन्मजात क्षेत्ररक्षक. आणि निवडीच्या फॉर्मवर रकाने दोन, दोन्ही त्यांच्यासाठी ज्यांच्या हातात आधी बॅट किंवा चेंडू दिला जातो. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. कट असता तर सोपं होतं, कुणाला तरी पकडता आलं असतं.

आपल्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे बघा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. त्याला कुणी म्हणू शकलं नाही की पळतो काय, कुणीही पळतं. कारण घड्याळ होतं. बीडचा सचिन धस १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ९६ करून गेला, तर धावांचा रकाना होता. झेलणाऱ्या पोराला घड्याळही नाही, रकानाही नाही. त्याच्यासाठी फक्त बघणाऱ्याचा डोळा असतो, आणि तो डोळा त्या दिवशी गठ्ठ्यावर होता.

म्हणून यंदा जूनपासून आमच्या शाळेच्या स्कोअरबुकात मी पट्टी घेऊन दोन रकाने ओढलेत. 'झेल' आणि 'सुटलेले'. सुटलेले झेल लिहिण्यावरून सहकाऱ्यांचा विरोध झाला, पोरं खचतील म्हणाले. मी म्हटलं, शून्यावर बाद झालेल्याचं शून्य लिहितोच की आपण. वही भरायला आठवीच्या दोन मुली बसतात. त्या माझ्यापेक्षा कडक आहेत. एका झेलावरून त्यांनी मला सरळ सांगितलं, "सर, वो ज़मीन को लगा था," आणि खोडला. बरोबर होतं त्यांचं.

तो पोरगा आता दहावीत आहे. आजपर्यंत चौदा झेल, तीन सुटलेले. सुटलेल्यांतले दोन एकाच सामन्यातले, आदल्या दिवशी स्लॅबच्या कामावर होता. पुढच्या चाचणीचा फॉर्म आला आहे, रकाने तेच दोन. मी या वेळी समासात लिहिणार नाही. आमच्या वहीच्या पानाची झेरॉक्स फॉर्मला पिनेनं जोडतो आहे, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासकट. 'कुणीही घेतो' असं पुन्हा म्हणाले तर त्या दोन मुलींना सोबत नेणार आहे.